राखाडी चौकोन

आमच्या धाकट्या जावेला डब्याला झाकण लावणं जमत नाही. साखरेचा डबा उघडा, टूथपेस्टचं टोपण बेसिनमध्ये, कपाटाचं दार आ वासलेलं. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई तिच्यामागे झाकणं लावत फिरायच्या आणि मला ऐकू येईल इतपत पुटपुटायच्या, "एवढी शिकलेली आहे म्हणे. झाकण हा विषय ऐच्छिक होता वाटतं." ती ऐकायची, हसायची आणि हसता हसता आणखी एखादा डबा उघडा टाकून जायची. घरात तिचं नावच 'बिनझाकणाची' पडलं. पण मी तिला धाकटीच म्हणते, कारण थोरली म्हणून मिरवायला मला तेवढं एकच माणूस आहे.

तिचं कामही तसंच, उघड्यावरचं. सरकारच्या आरोग्य खात्यात ती वेबसाइटचं काम बघते, कंत्राटावर. तिने सांभाळलेलं एक पान या शहरातल्या बहुतेक फोनांवर आहे. प्रत्येक हॉस्पिटलचा एक चौकोन. हिरवा म्हणजे तातडीचा पेशंट आणा, खाट आहे. लाल म्हणजे दुसरीकडे जा. चौकोनावर बोट ठेवलं की स्कॅनचं मशीन चालू आहे का, ऑक्सिजन आहे का, तेही दिसतं. हॉस्पिटलं आपापली माहिती पाठवतात आणि पान ती दाखवतं. मध्ये कुणाचा हात नाही. मुद्दामच नाही. कुणाच्या वशिल्याने चौकोन हिरवा होऊ नये म्हणून ऑफिसातल्या कोणालाही, अगदी हिलासुद्धा, हाताने रंग बदलता येत नाही.

आणि हे पान ज्यावर चालतं तो सगळा कोड जगाला उघडा आहे. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सासूबाईंनी विणकामाच्या सुया खाली ठेवल्या.

"उघडा म्हणजे? कुणीही बघावा?"

"कुणीही बघावा, कुणीही न्यावा. आम्हीसुद्धा दुसऱ्या देशातल्या एका शहराकडून आणलाय, आई. फुकट. आपल्याला हवा तसा बदलला. आता आमचं चांगलं ते लोक घेतात."

"म्हणजे विणीचा नमुना भिंतीवर लावून ठेवायचा."

"अगदी तसंच."

"आणि एखादा येऊन उसवून गेला तर?"

"उसवता येत नाही. फक्त सुचवता येतं. 'इथे टाका सुटलाय' असं सगळ्यांसमोर लिहायचं."

सासूबाईंनी सुया पुन्हा हातात घेतल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी असं असतं तर माझ्या नणंदेने माझा एकही स्वेटर पुरा होऊ दिला नसता."

त्या दूरच्या शहरातलं एक माणूस धाकटीबरोबर वर्षानुवर्षं काम करत होतं. नावाच्या जागी एक आडनिडं संबोधन आणि शेजारी बगळ्याचा फोटो. म्हणून आम्ही त्याला बगळा म्हणायचो. "बगळ्याने आज माझ्या सात चुका काढल्या," असं ती जेवताना आनंदाने सांगायची. आवाज कधी ऐकला नव्हता, चेहरा पाहिला नव्हता. दोघांचं सगळं लिहून चालायचं, तेही दोघांना परक्या असलेल्या भाषेत आणि येईल-जाईल त्याला वाचता येईल असं. दोन्ही ऑफिसांनी ठरवून एकमेकांच्या एकेका माणसाला मंजुरीचा हक्क दिला होता. त्यांच्याकडे हिला, आपल्याकडे बगळ्याला.

मंजुरीचा हक्क म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलं. त्यांच्या कामात एक नियम असतो. आपण लिहिलेलं आपण चढवायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी ते वाचायचं, बरोबर आहे म्हणायचं, मगच ते खऱ्या पानावर जातं. याला ती 'दुसरी नजर' म्हणते. ही सवय तिच्या हाडात भिनलेली आहे. कोणाला सांत्वनाचा मेसेज पाठवायचा असला तरी "ताई, जरा नजर टाका" म्हणून फोन माझ्यापुढे धरते. आमचे भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, सगळ्यांना सांगतात, "लग्नाला होकार द्यायच्या आधी हिने दोन मैत्रिणींची मंजुरी घेतली. एकीने दिली. दुसरीने हरकत नोंदवली. ती हरकत अजून निकाली निघालेली नाही."

भाऊजी अॅम्ब्युलन्स चालवतात. बायकोने केलेलं पान गाडीच्या काचेजवळ फोनवर लावून.

ज्या दिवसाचं मी सांगतेय त्या दिवशी धाकटीचा पाय प्लास्टरमध्ये होता. ऑफिसच्या जिन्यात घसरली होती. त्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलावर तिचं ऑफिस थाटलेलं. लॅपटॉप, वायरींचा गुंता, पाय समोरच्या खुर्चीवर, आणि उघडी बिस्किटाची बरणी. सकाळची कामं उरकून मी तिच्यासमोर भाजी निवडत बसले होते. ऑफिसात त्या दिवशी मोठी गडबड होती. निरनिराळ्या खात्यांचे वरिष्ठ हे पान बघायला येणार होते. सगळ्या खात्यांनी अशी उघडी, एकमेकांत वाटून घेण्याची पद्धत स्वीकारायची, की सगळं एखाद्या कंपनीला बंद पेटीत देऊन टाकायचं, याचा विचार चालला होता. धाकटीच्या साहेबांनी हॉलमध्ये भिंतभर पडदा लावून घेतला होता.

भाऊजींचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला, कारण हात कामात होते.

"तुझं पान खोटं बोलतंय," भाऊजी म्हणाले.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. भाऊजी चिडले की सावकाश बोलतात.

"काय झालं?"

"आपल्या गल्लीतला शिंपी. मशीनवर बसल्या बसल्या कलंडला. तोंड वाकडं, उजवा हात गेलेला. पान बघितलं, टेकडीवरचं हॉस्पिटल हिरवं, स्कॅन चालू. तिकडे नेला. फाटकातच बाईने हात आडवा केला. स्कॅन कालपासून बंद, खाटा भरलेल्या. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला, म्हटलं हे बघा हिरवं. तर म्हणते, हिरवं फोनमध्ये आहे ना, मग पेशंटला फोनमध्येच अॅडमिट करा."

"मग?"

"मग काय. उलटा फिरलो, पूल ओलांडून स्टेशनाजवळच्या हॉस्पिटलात नेला. घेतलं त्यांनी. पण मेंदूच्या झटक्याला वेळ म्हणजे काय ते तुला माहीत आहे. त्याची बायको मागे बसून एकच विचारत होती, आपण परत का फिरलो?" भाऊजी थांबले. "मी काय सांगणार होतो? माझ्या बायकोला विचारा?"

माझ्या पाठीमागे खिडकीचा पडदा होता. त्याच शिंप्याने शिवलेला. कापड मी बेतात नेलं होतं, तर त्याने आतल्या बाजूने पट्टी जोडून तो खिडकीच्या मापाला असा आणून दिला होता की जोड कुठे आहे ते आजही मला शोधावं लागतं. मला मागे वळून बघवेना.

धाकटीने पान उघडलं. टेकडीचा चौकोन हिरवागार. मग तिने पानाच्या पोटात शिरून बघितलं, हॉस्पिटलकडून शेवटचा निरोप कधी आला होता ते.

"काल संध्याकाळी," ती म्हणाली. "कालपासून ते गप्प आहेत. आणि मी त्यांच्या वतीने बोलतेय."

"म्हणजे?"

ती स्क्रीनवरून नजर न काढता सांगत गेली. मुळात, त्या दूरच्या शहराच्या कोडमध्ये, एक तिसरा रंग होता. राखाडी. हॉस्पिटलने काही वेळ काहीच कळवलं नाही तर चौकोन राखाडी व्हायचा आणि त्यावर लिहून यायचं, 'माहिती नाही'. इथे पान सुरू झालं तेव्हा टेकडीच्या मोठ्या डॉक्टरांना तो रंग झोंबला. राखाडी म्हणजे आमचं हॉस्पिटल बंद पडल्यासारखं दिसतं, म्हणाले. वरपर्यंत फोन गेले. साहेबांनी हिला सांगितलं, काही दिवसांपुरतं राखाडी काढा, शेवटचा जो रंग होता तोच दाखवत राहा. बगळ्याने सगळ्यांसमोर हरकत लिहिली होती, 'गप्प हॉस्पिटल म्हणजे उघडं हॉस्पिटल नव्हे.' मंजुरी द्यायला तो तयार नव्हता. तेव्हा हिचं कंत्राट नव्याने व्हायचं होतं. हिने एका संध्याकाळी दुसऱ्या नजरेचा नियम बंद केला, बदल एकटीने चढवला आणि नियम पुन्हा चालू केला.

"काही दिवसांपुरतं," ती म्हणाली. "मग विसरूनच गेलो सगळे. चाललं होतं ना."

"कोण कोण गप्प आहे आत्ता?"

"टेकडी." तिने बोटाने खाली सरकवलं. "आणि लहान मुलांचं. दोन्हींचा रस्ता एकच आहे."

मी टेकडीला फोन लावला. बराच वेळ वाजून एका कंटाळलेल्या मुलीने उचलला. बाहेर खोदकाम चाललंय, वायर तुटलीय, नेट नाही, आम्ही वरती कळवलंय. "वरती म्हणजे कुठे?" मी विचारलं. "वरती म्हणजे वरतीच हो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

धाकटीने कंट्रोल रूमला कळवलं. त्यांनी आपल्या गाड्यांना सांगायचं कबूल केलं. पण सरकारी गाड्या किती आणि खासगी किती! शिवाय लोक घरच्या गाडीत पेशंट घालतात, एकजण चालवतो आणि एकजण हे पान बघतो. त्यांना कोण फोन करणार?

मग तिने साहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नाही. हे उघडं काम इथे आणण्यासाठी त्यांनीच भांडणं घेतली होती, वरच्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांच्या मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

"मॅडम, मी ऐकलं तुमचं. दुरुस्ती करायलाच हवी. पण आज नको."

"सर, आत्ता हवी."

"आत्ता माझ्या पाठीमागे भिंतभर पडद्यावर ते पान आहे. पाहुणे बसलेत. त्यांच्या डोळ्यांसमोर दोन चौकोन राखाडी होणार आणि वर तुम्ही लिहिणार, 'हे पान चुकीची माहिती दाखवत होतं.' लिहिणार ना तुम्ही?"

"लिहावंच लागेल, सर. लोकांना कळायला नको?"

"मग संपलं. उद्यापासून सगळं त्या कंपनीच्या पेटीत. तिथे असलं काही घडलं तर तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. विचार करा. जेवण झालं की पाहुणे जातील. तोवर मी कंट्रोल रूमला बोलतो."

"सर, मंजुरी तरी द्या. मी लिहून तयार ठेवते."

"मी काही पाहिलेलं नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम थकलेला वाटला. "आणि मॅडम, तुमचं कंत्राट माझ्या टेबलावर आहे. मी धमकी देत नाहीये. आठवण करून देतोय."

फोन बंद झाला. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. हातात अर्धा विणलेला मोजा. त्या आत आल्या आणि बिस्किटाच्या बरणीला झाकण लावून बसल्या.

धाकटीने लिहायला घेतलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती किती घाईत आहे ते बोटांवरून कळत होतं. एरवी ती लिहिताना गुणगुणते. आज ओठ घट्ट मिटलेले. मध्येच पुन्हा भाऊजींचा फोन.

"कॉल आलाय. गिरणीच्या बाजूला, म्हातारी बाई, श्वास लागलाय. निघालोय. टेकडी नाही हे मला कळलं. बाकीचे चौकोन खरे की खोटे?"

ती चौकोनांवरून बोट फिरवत राहिली; मघाशी गप्प दोनच होती, पण तेवढ्या वेळात आणखी कुणी गप्प झालं असेल तर हिरव्या चौकोनावरून ते कळणार नव्हतं.

"अगं बोल ना! नाहीतर मी पूर्वीसारखा फाटकं ठोठावत फिरतो."

"वहिनी फोन करून विचारतायत सगळीकडे. तू पेशंटला घे, मी सांगते," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी तोवर विचारत नव्हते. आता भाजीची ताटली बाजूला सारली आणि एकेक नंबर लावत सुटले. कुठे गाणं वाजत होतं, कुठे 'थांबा' म्हणून फोन टेबलावर ठेवून माणूस निघून जात होता. वीस खाटांच्या एका हॉस्पिटलने मला आधी माझं नाव, पत्ता आणि नातं विचारलं.

"झालं," धाकटी म्हणाली. दुरुस्ती तयार होती.

"मग चढव!"

"दुसरी नजर हवी."

तिच्या ऑफिसातली दुसरी मुलगी रजेवर, त्या वेळी विमानात. साहेबांनी पाठ फिरवलेली. बगळा उरला, आणि बगळ्याच्या देशात मध्यरात्र उलटून गेलेली. तिने त्याला लिहिलं होतं. उत्तर नव्हतं.

माझा तोल सुटला. "अगं, तुला तो नियम बंद करता येतो ना? मागे केला होतास ना? मग कर की! साहेबाच्या सांगण्यावरून चुकीचं चढवायला नियम बंद झाला आणि आता माणसं वाचवायला होत नाही? कसलं सोवळं पाळतेस?"

तिचा हात उंदरावर होता, म्हणजे माऊसवर. स्क्रीनवर एक छोटी खूण होती. ती काढली की नियम बंद. इतकंच. मला त्या खुणेशिवाय दुसरं काही दिसेनासं झालं.

"ताई, माझे हात बघा," ती म्हणाली.

हात थरथरत होते.

"अशा हातांनी मी तुमच्या चहात साखर घातली तर तुम्ही तो न बघता प्याल का? एकदा मी एकटीने चढवलं, त्याचं हे झालंय. आता घाबरून एकटीने चढवलं आणि अख्खं पान झोपलं तर? मग एकही चौकोन उरणार नाही."

"आणि तोवर?"

"तोवर बगळ्याला उठवायचं."

त्यांच्या ऑफिसचंही सगळं उघडंच. पानाच्या तळाशी, तातडीच्या वेळी कुणाला उठवायचं त्याचा नंबर होता. तिने तो आजवर कधी लावला नव्हता. तिला त्या परक्या भाषेत लिहिता येतं, बोलायची लाज वाटते. नंबर मी दाबला आणि फोन तिच्या कानाला लावला.

रिंग वाजत राहिली. तुटली. पुन्हा लावला. सासूबाईंच्या सुया थांबल्या होत्या. तिसऱ्यांदा पलीकडे खोकल्याचा आवाज आला, मग एक घोगरा, झोपेतला, वयस्कर आवाज. बाईचा.

धाकटीने चमकून माझ्याकडे बघितलं. आम्ही इतकी वर्षं 'तो बगळा, तो बगळा' करत होतो.

मग ती बोलली. चुकत, अडखळत, व्याकरणाचे हातपाय मोडत, पण बोलली. पलीकडून 'बघते' असं काहीतरी आलं, आणि नंतर नुसता श्वास आणि बटणांची टकटक. दुसऱ्या फोनवर भाऊजींचा मेसेज आला: 'पेशंट घेतला. कुठे?' माझ्याकडे तीन हॉस्पिटलांची उत्तरं होती, त्यातल्या दोघांनी 'बहुतेक' म्हटलं होतं. 'बहुतेक' या शब्दावर श्वास लागलेली म्हातारी कशी पाठवायची? मी लिहिलं, 'थांबा.' लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. अॅम्ब्युलन्सला कुणी थांबा सांगतं का?

"स्टॉप," पलीकडची बाई म्हणाली. एवढं मलाही कळलं. त्यापुढचं धाकटीने ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

हॉस्पिटलांचे निरोप येतात त्यांच्यावर वेळेचा शिक्का असतो. तो जगाच्या घड्याळाचा असतो, कुठल्या एका देशाचा नाही. हिने घाईत तो आपल्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितला होता. दोन घड्याळांत काही तासांचा फरक. म्हणजे आत्ता, या क्षणी आलेला निरोपही पानाला कित्येक तास शिळा वाटला असता. तसंच चढवलं असतं तर शहरातला एकूण एक चौकोन एकदम राखाडी झाला असता.

मी खुर्चीत बसले. 'चढव' म्हणून ओरडणारी मीच होते.

दुरुस्तीची दुरुस्ती एका ओळीची होती. पलीकडच्या बाईने ती दोनदा वाचून घेतली असावी, कारण धाकटी एकदा 'येस' म्हणाली आणि जरा वेळाने पुन्हा 'येस'. मग स्क्रीनवर एक हिरवी खूण आली, बगळ्याच्या फोटोशेजारी.

धाकटीने चढवलं.

आम्ही तिघी एका लॅपटॉपवर वाकलो. काहीच होईना. मग टेकडीचा चौकोन दिवा गेल्यासारखा विझला. राखाडी. पाठोपाठ लहान मुलांचा. बाकीचे जागच्या जागी, आपापल्या रंगात. वर लाल पट्टी आली: 'काल संध्याकाळपासून दोन हॉस्पिटलांची माहिती चुकीची दिसत होती. चूक आमची आहे.'

भाऊजींचा फोन.

"दोन राखाडी झाले."

"मग बाकीचे खरे," धाकटी म्हणाली.

"नक्की?"

"दोघींनी बघितलंय."

"दोघी कोण?"

"तू गाडी चालव रे!"

"स्टेशनाकडे वळवतो," भाऊजी म्हणाले, आणि सायरनचा आवाज मोठा होऊन तुटला.

म्हातारी बाई वाचली. ते मी आधीच सांगून टाकते, उगीच कुणाच्या जिवाला घोर नको.

साहेब दुसऱ्या दिवशी घरी आले. मी चहा केला. त्यांनी पडद्यावर दोन चौकोन विझताना पाहिले होते, पाहुण्यांनीही पाहिले होते. एका पाहुण्याने विचारलं होतं, हे काय झालं? साहेबांना उभं राहून सांगावं लागलं होतं.

"तुम्ही मला विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

"विचारलं होतं, सर."

ते कपाकडे बघत राहिले. "हो," म्हणाले. "विचारलं होतंत."

चूक कशी घडली ते धाकटीने सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलं होतं. तिच्या पद्धतीत ते लिहावंच लागतं. साहेबांनी ते फोनवर आमच्यासमोर वाचलं. नियम कुणाच्या सांगण्यावरून बंद केला ते तिने लिहिलं नव्हतं. 'नियम मी बंद केला' एवढंच. साहेबांना ते वाचून बरं वाटायला हवं होतं. तसं दिसलं नाही. चहा अर्धा टाकून ते उठले. त्या ओळीखाली आपलं नाव त्यांनी घातलं नाही, आणि तिचं कंत्राट दरवेळेपेक्षा निम्म्या मुदतीचं केलं. ते पुढे होईल की नाही, पाहुण्यांनी काय ठरवलं, हे मी लिहितेय तोवर कुणालाच ठाऊक नाही. भाऊजी म्हणतात, "या खात्याचाच चौकोन राखाडी आहे."

प्लास्टर निघाल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर चला. मला शिंप्याकडे जायचंय."

मी म्हटलं, कशाला? कुणी तुझं नाव घेतलेलं नाही. ती म्हणाली, "जगाला दिसेल असं लिहिलंय. पण त्यांनी ते कुठून वाचलेलं असणार?"

शिंप्याचं दुकान आणि घर एकच. मशीनवर चादर टाकलेली. तो खाटेवर उशीला टेकून होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. बोलणं जड झालं होतं, पण ओळख होती. मला बघून त्याने डाव्या हाताने हवेत पडदा सरकवल्याची खूण केली. मी म्हटलं, "छान आहे पडदा. अजून जोड सापडत नाही." तो अर्ध्या तोंडाने हसला.

धाकटी उभ्याउभ्याच बोलली. लंगडत होती तरी बसली नाही. चौकोन, राखाडी रंग, टेकडी, सगळं. शेवटी म्हणाली, "तुम्ही विचारत होता ना, आपण परत का फिरलो? माझ्यामुळे."

शिंपीणबाई कापडाचे तुकडे गोळा करत होत्या. ते काम त्यांनी थांबवलं नाही.

"लवकर पोचलो असतो तर हात राहिला असता?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," धाकटी म्हणाली. "कदाचित."

"कदाचित," बाई म्हणाल्या. त्यांनी एक चिंधी घडी घालून बाजूला ठेवली. "आणि उद्या कुणी परत तो रंग काढून टाकला तर?"

"एकट्याला नाही काढता येणार आता. नियम बंद करायचा असला तरी दोन देशांतल्या दोघांची मंजुरी लागते. मीच तसं करून घेतलं."

"दोघं जण झोपले तर?"

बाईंनी कमरेचा फोन काढला आणि तिच्यासमोर धरला. त्यावर पान उघडंच होतं.

"त्या दिवसापासून मी रोज बघते," त्या म्हणाल्या. "काल तुमचं ते स्टेशनाजवळचं हिरवं होतं, आणि माझी बहीण तिथेच रांगेत उभी होती. तिला विचारलं. खरंच हिरवं होतं." त्यांनी फोन परत खोचला. "खोटं दिसलं तर सांगायचं कुणाला?"

"मला," धाकटी म्हणाली. "किंवा पानाच्या तळाशी लिहा. कुणालाही लिहिता येतं."

"मला लिहायचं जमत नाही फारसं. फोन करेन."

"करा."

"रात्री-अपरात्रीसुद्धा करेन. मी कुणाचं ऐकायची नाही."

"करा," धाकटी पुन्हा म्हणाली आणि आपला नंबर सांगू लागली. शिंपीणबाईंनी तो दाबला, मग फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा बघा हो, बरोबर घेतलाय का मी."

मी एकेक आकडा वाचला. बरोबर होता.